विकिपीडिया आणि ब्लॉग वापरून अभ्यास कसा करायचा (लोणारचं उदाहरण घेऊन)

आमच्या शाळेची नववीची सहल लोणारला न्यायची ठरली तेव्हा मुलांना वाटायला मी दोन पानांचं माहितीपत्रक केलं होतं, रात्री जेवणं आवरल्यावर बसून, विकिपीडिया आणि चार-पाच ब्लॉग उघडून. त्यात ठळक अक्षरात लिहिलं की हे विवर ५२ हजार वर्षांपूर्वी उल्का पडून तयार झालं. काठावर उभी राहून तेच वाचून दाखवत होते तर तिथे आलेली, भूशास्त्र शिकणारी एक मुलगी जवळ आली आणि अगदी आदराने म्हणाली, मॅडम, ५२ हजार कुठून घेतलंत? आता ५ लाख ७० हजार सांगतात. मला उत्तरच देता आलं नाही. आकडा जुना निघाला त्याचं एवढं वाटलं नाही, ते होतं, पण चाळीस मुलांसमोर आपण जे ठामपणे सांगतोय ते आलं कुठून हेच आपल्याला माहीत नाही हे फार लागलं.

त्यानंतर मी माझी सगळी पद्धत बदलली. विकी आणि ब्लॉग सोडले नाहीत, उलट जास्तच वापरते, पण वेगळ्या रीतीने. शाळेतले प्रकल्प, स्पर्धा परीक्षेच्या नोट्स, दिवाळी अंकाला लेख, गावाचा इतिहास, काहीही करत असाल तर यातलं बरंचसं उपयोगी पडेल. मी लोणारवरच सगळं दाखवते, कारण ते मी नीट खणून काढलंय.

विकीचं पान खालून वाचा

विकी म्हणजे ज्याला कोणीही हात लावू शकतो असं पान. पहिली विकी वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ साली केली, नाव हवाईयन भाषेतल्या "झटपट" अर्थाच्या शब्दावरून ठेवलं. विकिपीडिया आला १५ जानेवारी २००१ ला आणि आपला मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला, महाराष्ट्र दिनीच. हे सगळ्यांना साधारण माहीत असतं. जे माहीत नसतं ते असं की विकिपीडियावर स्वतःचं नवं संशोधन लिहायला परवानगीच नाही, तिथे जे लिहायचं ते आधी कुठेतरी छापून आलेलं असायला हवं. म्हणजे विकीवरचं प्रत्येक वाक्य दुसऱ्या कोणाचं तरी असतं, आणि आपल्याला तो दुसरा माणूस गाठायचा असतो. कागद-पेन्सिल न घेता पान एकदा सरळ वाचून घ्या, विषयाचा आवाका कळतो, कोणते शब्द शोधायचे ते कळतं. मग एकदम तळाला जा, संदर्भांच्या यादीवर. माझा खरा अभ्यास तिथून सुरू होतो.

आता लोणारचं वय घ्या. इंग्रजी विकिपीडियावर मी बघितलं तेव्हा दोन्ही आकडे होते, आणि दोन्हीच्या डोक्यावर चौकटी कंसातला बारीक निळा अंक होता. एका अंकावरून गेलं की १९९७ चा निबंध लागतो, त्यात थर्मोल्युमिनेसन्स पद्धतीने ५२ हजार वर्षं आलंय, सहा हजार इकडेतिकडे. दुसऱ्या अंकावरून २०११ चा निबंध, जिओलॉजी नावाच्या नियतकालिकातला, जुर्दां आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, त्यात आरगॉन-आरगॉन पद्धतीने ५ लाख ७० हजार, ४७ हजार इकडेतिकडे. दहापट फरक आहे, आणि दोन्ही खऱ्या प्रयोगशाळेतून आलेले आकडे आहेत. पद्धत थोडी वाचली की गंमत कळायला लागते. पहिल्यात तापून वितळलेल्या खडकात त्यानंतर किरणोत्साराचा किती साठा जमला ते तो पुन्हा तापवून, निघणाऱ्या उजेडावरून मोजतात. दुसऱ्यात पोटॅशियमचा ऱ्हास होऊन किती आरगॉन वायू साठला ते मोजतात, कारण आघाताने खडक वितळला की आधीचा आरगॉन निघून जातो आणि घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. नववीच्या मुलांना हे मी आता फळ्यावर समजावते आणि त्यांना नुसत्या आकड्यापेक्षा हेच आवडतं. मी त्या रात्री तो बारीक अंक दाबला असता तर पाच मिनिटांत कळलं असतं की आकड्यापुढे साल लिहिल्याशिवाय तो अर्धाच असतो.

तर हा पहिला नियम. जे वाक्य तुम्ही उचलणार आहात त्याच्यावरचा अंक दाबायचा आणि तो कुठे नेतो ते बघायचं. शोधनिबंध, सरकारी अहवाल, गॅझेटियर (म्हणजे सरकारने काढलेला जिल्ह्याचा माहितीग्रंथ), एखाद्या विद्यापीठाचं पुस्तक, इथे नेलं तर बरं. हॉटेल बुकिंगच्या साइटवरच्या "बघण्यासारखी ठिकाणं" वर नेलं तर तो संदर्भ नसल्यातच जमा. अंकच नसेल, किंवा "संदर्भ हवा" असं लिहिलेलं असेल, तर ते वाक्य तुमच्या वहीत जाऊ शकतं पण प्रश्नचिन्ह घालूनच. दुवा मेलेला निघाला तर लगेच सोडून देऊ नका, तो पत्ता वेबॅक मशीनमध्ये टाका, इंटरनेट आर्काइव्हने जुन्या पानांच्या प्रती साठवून ठेवल्यात, बरेचदा सापडतं. निबंध पैसे भरून वाचायचा असेल तर निदान सारांश फुकट असतो, आणि शीर्षक अवतरणचिन्हांत टाकून शोधलं तर लेखकाने स्वतःच्या पानावर पीडीएफ ठेवलेलीही कधी कधी मिळते.

पानाच्या वर "चर्चा" आणि "इतिहास पहा" असे दोन टॅब असतात, नव्वद टक्के लोक तिकडे बघतही नाहीत असं माझं निरीक्षण आहे (शाळेतल्या शिक्षकांपुरतं तरी). चर्चेच्या पानावर लिहिणारे आपसात भांडलेले असतात, कोणता आकडा ठेवायचा, कुठला स्रोत भरवशाचा नाही, आणि ते भांडण वाचलं की विषयात नेमकं कुठे एकमत नाही ते आयतं कळतं. इतिहासात प्रत्येक बदल तारीखवार असतो. लोणारचं पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झालं, तर त्या महिन्यातले बदल एकामागे एक उघडून बघा, लोक आधी काय समजत होते आणि नंतर काय कळलं ते डोळ्यांसमोर घडताना दिसतं, मुलांना शिकवायला याच्यासारखं दुसरं साधन नाही.

आणखी दोन बारीक गोष्टी. एक, प्रकल्पात विकीचा दुवा द्यायचाच असेल तर "शाश्वत दुवा" घ्या, म्हणजे तुम्ही वाचली तीच आवृत्ती उघडते, नाहीतर उद्या कोणी पान बदललं की तुमचा दुवा भलतंच दाखवणार. दोन, मराठी पान हे इंग्रजी पानाचं भाषांतर असतं अशी खूप जणांची समजूत आहे, तसं नाहीये, प्रत्येक भाषेतले लोक आपापलं पान वेगळं लिहितात, कोणी भाषांतर केलं तर तेवढंच. त्यामुळे दोन्ही वाचा. विज्ञानासाठी इंग्रजीत संदर्भ जास्त असतात पण देवळांची नावं, लवणासुराची कथा, दैत्यसूदन मंदिर, गावातल्या जागांचे बरोबर उच्चार यासाठी मराठीच बघावं लागतं, इंग्रजी स्पेलिंगवरून उलटं मराठी केलं की नावांची पार वाट लागते.

विकीवरून पेपरात, पेपरातून विकीवर

एक खड्डा मात्र नीट लक्षात ठेवा. मार्च २००९ मध्ये मोरीस झार हे फ्रेंच संगीतकार वारले, तेव्हा आयर्लंडमधल्या एका विद्यार्थ्याने विकिपीडियावर त्यांच्या तोंडी एक बनावट वाक्य घातलं, पत्रकार काय करतात ते बघायला. विकीच्या संपादकांनी संदर्भ नाही म्हणून ते काढून टाकलं, पुन्हा घातलं तर पुन्हा काढलं, पण तेवढ्या वेळात मोठ्या मोठ्या वर्तमानपत्रांनी ते मृत्युलेखांत छापलं आणि त्या मुलाने स्वतः कळवेपर्यंत कोणाच्या लक्षातही आलं नाही. म्हणजे इथे विकीने चूक पकडली आणि छापील पेपरांनी नाही पकडली. आता कल्पना करा की कोणी त्या पेपराचाच संदर्भ देऊन ते वाक्य परत विकीवर लावलं, तर बघणाऱ्याला वाटणार पक्कं आहे. म्हणून संदर्भ आहे की नाही एवढं बघून थांबायचं नाही, संदर्भ विकीपेक्षा जुना आहे का, त्या माणसाला ही गोष्ट स्वतः कळायची काही सोय होती का, हेही बघायचं. आता चॅटबॉटला विचारायची सवय सगळ्यांना लागलीय, तिथेही हेच, "हे कुठून घेतलं" विचारा आणि दिलेला दुवा उघडून ते वाक्य तिथे खरंच आहे का ते डोळ्यांनी बघा.

मराठीत आपल्याकडे मराठी विश्वकोश आहे, वीस खंड, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभा केलेला, आणि सगळा ऑनलाइन फुकट वाचता येतो. भाषा आणि मांडणी इतकी स्वच्छ आहे की मी मुलांना आधी तोच वाचायला लावते. फक्त छापील खंड १९७६ पासून यायला लागले हे ध्यानात ठेवून वाचा, नोंद कधीची आहे ते बघा, २०११ चं संशोधन १९९० च्या आसपासच्या नोंदीत कसं असेल. गॅझेटियरचंही तसंच, जागेची, देवळांची, बाजाराची माहिती फार सुंदर मिळते, पण ब्रिटिश काळातल्या लिखाणात लोणारला ज्वालामुखीचं विवर म्हटलेलं सापडतं, कारण उल्केचा भक्कम पुरावा, म्हणजे विवराच्या तळात छिद्रं पाडून काढलेल्या खडकांचा अभ्यास, सायन्स या नियतकालिकात आला तो १९७३ साली.

ब्लॉग म्हणजे साक्षीदार

विकीवर सगळ्यांचं मिळून लिहिलेलं असतं, ब्लॉगवर एका माणसाचं. त्यामुळे ब्लॉग उघडला की माझा पहिला प्रश्न हा की या माणसाने हे स्वतः पाहिलं, स्वतः अभ्यासलं, की कुठून तरी उचललं?

पाहिलेल्यांचे ब्लॉग म्हणजे भटके, पक्षीनिरीक्षक, फोटोग्राफर यांचे. लोणारला पायवाट कुठून उतरते, पावसाळ्यात विवरातल्या कमळजा देवीच्या देवळापर्यंत जाता येतं का, पाण्याला वास किती होता, कोणते पक्षी दिसले, हे विकीवर तुम्हाला मिळणार नाही आणि शोधनिबंधातही नाही. अशा ब्लॉगवर तारीख आणि फोटो बघायचे, फोटो त्यांचेच आहेत का ते बघायचं, आणि त्या माणसाची पाहिलेली गोष्ट घ्यायची, ऐकलेली सोडायची. तो म्हणतो जुलैत पाणी हिरवट होतं, घ्या. तो म्हणतो विवराखाली अजून उल्केचा गोळा आहे म्हणून होकायंत्र फिरतं, ते घेऊ नका, तपासा.

अभ्यासलेल्यांचे ब्लॉग म्हणजे सोनं आहे, खरंच. डेव्ह पेटली नावाचे ब्रिटिश भूस्खलन-अभ्यासक आहेत, ते कित्येक वर्षं फक्त दरडींवर ब्लॉग लिहितात. ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातलं माळीण दरडीखाली गेलं तेव्हा आपल्याकडे सगळीकडे बचावकार्याच्या बातम्या होत्या, त्या हव्याच होत्या, पण उतार असा का सरकतो हे समजून घ्यायचं असेल तर अशा माणसाचं लिखाण शोधावं लागतं. प्रत्येक विषयात असे दोन-चार लोक असतात. त्यांना शोधायची सोपी युक्ती सांगते, विकीच्या तळाला ज्या संशोधकांची नावं पुन्हा पुन्हा येतात त्यांच्या नावापुढे ब्लॉग हा शब्द लिहून शोधा. आणि असा एक चांगला ब्लॉग मिळाला की तो कोणाकोणाचे दुवे देतो ते बघत जा, पुढचे चार आपोआप मिळतात.

उचललेले ब्लॉग सगळ्यात जास्त. ते ओळखायचे कसे, तर एखादं जरा वेगळं वाटणारं वाक्य कॉपी करून अवतरणचिन्हांत टाकून शोधा. लोणारबद्दल एक परिच्छेद मी असा शोधला तर तोच, शुद्धलेखनाच्या त्याच चुकांसकट, कितीतरी ब्लॉगांवर निघाला. आधी मला वाटलं होतं की इतक्या ठिकाणी आहे म्हणजे बरोबरच असणार! मोजून ते एकाच माणसाचं म्हणणं होतं. यातल्या सगळ्यात जुन्या तारखेच्या पानावर जायचं, बाकीची सोडून द्यायची. शोधताना शब्दही बदलून बघा, "लोणार सरोवर", "लोणारचं विवर", "लोणारचे विवर", प्रत्येकाला वेगळे निकाल येतात, आपल्याकडे बोली आणि लेखी रूपं दोन्ही वापरतात त्यामुळे हे करावंच लागतं.

गुलाबी पाण्याच्या वेळी हे सगळं एकदम बघायला मिळालं. पहिल्या आठवड्यात कोणी शेवाळामुळे म्हणालं, कोणी लॉकडाऊनमुळे, कोणी देवीचा कोप. मला विश्वासाचं पहिलं काय मिळालं असेल तर नासाच्या अर्थ ऑब्झर्व्हेटरीचं पान, २५ मे आणि १० जूनची उपग्रहचित्रं शेजारी शेजारी, एकात हिरवं पाणी आणि एकात गुलाबी. कारण अजून माहीत नव्हतं पण बदल कधीच्या दरम्यान झाला ते पक्कं झालं. पाण्याचे नमुने नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेकडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे गेले, आणि मग आघारकरकडून कळलं की पाणी खूप खारट झाल्यामुळे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव वाढले आणि रंग त्यांचा आहे, कायमचा नाही. ज्या ब्लॉगवाल्यांनी आपल्या जुन्या पोस्टच्या वर "नवी माहिती" म्हणून तारीख घालून हे जोडलं, ते ब्लॉग मी त्याच दिवशी माझ्या यादीत घेतले. स्वतःचं लिखाण दुरुस्त करणारा माणूस पुढच्या वेळीही करतो.

ताजं राहायचं तर माहिती आपल्याकडे यायला पाहिजे

रोज वीस साइट उघडून बघणं जमत नाही, कोणालाच नाही. त्यासाठी फीड असतं. फीड रीडर म्हणजे एक टपालपेटी समजा, तुम्ही ब्लॉगचा पत्ता एकदा द्यायचा, मग नवी पोस्ट आली की ती तिथे येऊन पडते. गूगल रीडर होतं तोवर सगळे तेच वापरायचे, ते १ जुलै २०१३ ला बंद झालं, आता फीडली किंवा इनोरीडर घ्या, दोन्हीचं साधं खातं फुकट आहे. ब्लॉगचा पत्ता टाकला की बहुतेक वेळा ते स्वतःच फीड शोधतात. नाही सापडलं तर वर्डप्रेसच्या ब्लॉगला पत्त्यापुढे तिरकी रेघ आणि फीड हा इंग्रजी शब्द जोडून बघा, चालतं. मी दोनच कप्पे ठेवलेत, एक रोज बघायचा, त्यात पाच-सहाच नावं, आणि एक रविवारचा. ज्याची सलग दहा पोस्ट न वाचता गेल्या तो ब्लॉग काढून टाकते, नाहीतर पेटी तुंबते आणि मग आपण उघडायचंच सोडतो.

विकीच्या पानावरही असाच पहारा ठेवता येतो. खातं उघडा, पानावर चांदणीची खूण असते ती दाबा, पान तुमच्या वॉचलिस्टमध्ये जातं आणि काय बदललं ते दिसत राहतं. शोधनिबंधांसाठी गूगल स्कॉलरवर मूळ निबंध काढून त्याखालचा "सायटेड बाय" दुवा दाबा, त्या निबंधाचा उल्लेख नंतर कोणी कोणी केला ते सगळं येतं. जुन्या निबंधावरून नव्याकडे जायची ही एकच सरळ वाट मला सापडलीय आणि कोणी शिकवत का नाही कळत नाही. शिवाय गूगल अलर्टमध्ये "लोणार सरोवर" अवतरणचिन्हांत टाकून ठेवलंय, आठवड्यातून एक ईमेल येतो.

याचा फायदा लगेच दिसतो. रामसर यादीचंच बघा, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी. जानेवारी २०२० मध्ये नांदूर मधमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ झालं, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणार दुसरं, आणि २०२२ मध्ये ठाण्याची खाडी तिसरी. "महाराष्ट्रातलं एकमेव रामसर स्थळ नांदूर मधमेश्वर" असं २०२० च्या मध्याला लिहिलेलं होतं ते तेव्हा खरंच होतं, पण तेच वाक्य आजही सामान्यज्ञानाच्या नोट्समध्ये फिरतं आणि मुलं तेच पाठ करतात, मार्क जातात. "एकमेव", "सर्वात मोठं", "पहिलं", "सध्या" हे शब्द दिसले की थांबा आणि रामसरच्या स्वतःच्या यादीवर जाऊन या.

वहीचं शेवटी सांगते पण करायचं पहिल्यापासून. प्रत्येक गोष्टीला एक ओळ. माझ्या वहीतली एक ओळ अशी आहे: "वय ५ लाख ७० हजार, ± ४७ हजार. जुर्दां आणि इतर, जिओलॉजी, २०११. विकीवरून सापडलं, सारांश स्वतः वाचला, पूर्ण निबंध नाही." तो शेवटचा तुकडा प्रामाणिकपणे लिहायचाच, स्वतः किती वाचलं ते. सहा महिन्यांनी कोणी "कुठून" विचारलं की वही उघडायची.

आणि इतकं शोधल्यावर मराठी पानावर एखाद्या वाक्याला संदर्भ नाही असं दिसलं तर "संपादन" दाबा, तुमच्याकडचा संदर्भ जोडा, खाली काय बदललं ते एका ओळीत लिहा आणि जतन करा. पहिल्यांदा हात थरथरतो, माझा थरथरला होता, पण काही बिघडलं तरी इतिहासातून परत आणता येतं.

यंदाच्या पत्रकात वयाच्या जागी दोन आकडे आहेत, दोघांपुढे साल आहे, खाली कुठून घेतलं तेही आहे. परवा वर्गात एका मुलाने विचारलं, मॅडम, १९९७ च्या आधी किती सांगायचे? मी त्याला विकीचं पान काढून दिलं आणि खालून वाचायला सुरुवात कर म्हटलं, सोमवारी येऊन सांगणार आहे.